पावसाळ्यात दारातले पिंप आणि सोसायटीतला तलाव

दोनशे लिटरचे निळे पिंप आपल्या वस्तीत बहुतेक प्रत्येक दारात उभे असते. नळाला पाणी येते दोन तास, कुठे अर्धा तास, कुठे एक दिवसाआड, म्हणून ते भरून ठेवावे लागते. उन्हाळ्यात आपण या पिंपाकडे फार प्रेमाने बघतो, कारण पाणी कमी असते. पाऊस सुरू झाला की लक्ष कमी होते, "आता पाण्याला काय तोटा" असे म्हणतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र पिंपाची खरी काळजी पावसाळ्यातच घ्यावी लागते. जुलाब, कावीळ, विषमज्वर आणि डेंग्यू या चारही दुखण्यांचा संबंध कुठे ना कुठे या साठवलेल्या पाण्याशी येतो.

या वेळी हा विषय आम्ही जरा वेगळ्या बाजूने मांडणार आहोत. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले मोठ्या सोसायट्यांत, बंगल्यांत, हॉटेलांत पोहण्याच्या तलावाची निगा राखण्याचे काम करतात. भगिनी त्याच इमारतींत धुणीभांडी, साफसफाईला जातात. वादळी पावसात तलावाचे पाणी खराब होऊ नये म्हणून ही मुले जे जे करतात, त्यामागचे शास्त्र आणि आपल्या पिंपामागचे शास्त्र एकच आहे. क्लोरीन तेच, शेवाळ तेच, डासही तेच. फरक एवढाच की तलावासाठी माणूस, यंत्र आणि औषध यांवर खर्च होतो आणि पिंपासाठी कोणी काही देत नाही. तेव्हा कामावरचे ज्ञान घरी कसे वापरायचे, आणि कामावरची कोणती वस्तू घरी अजिबात आणायची नाही, हे दोन्ही पाहू.

तलावाचा माणूस पावसात काय करतो

जोराचा पाऊस झाला की तलावात तीन गोष्टी होतात. पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ होते. वाऱ्याने पाने, माती, किडे पडतात आणि उरलेले क्लोरीन ही घाण खाण्यातच खर्ची पडते. तिसरे म्हणजे पाणी आम्ल की अल्कली याचे माप बदलते. हे माप तलावात ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावे लागते, आणि मोकळे क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. म्हणून जाणता माणूस वादळ ओसरल्यावर आधी जाळीने पाने काढतो, गाळणीचा पंप सुरू करतो आणि मग संध्याकाळी औषध टाकतो. संध्याकाळी का, तर उन्हात क्लोरीन लवकर उडून जाते. नंतर छोट्या नळीत पाणी घेऊन, थेंब टाकून पिवळा रंग बघतो. तळ स्पष्ट दिसत नाही तोवर कोणाला पाण्यात उतरू देत नाही, कारण गढूळ पाण्यात बुडालेले मूल वरून दिसत नाही.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी घाण काढणे, मग औषध, मग तपासणी. आपल्या घरी बहुधा उलटे होते. गढूळ पाण्यात औषधाचे थेंब टाकले की काम झाले असे आपण समजतो. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झुंजत बसते, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही.

आणखी एक गोष्ट, जी तलावावरच्या नवीन मुलांना बऱ्याचदा कोणी सांगत नाही. धुवाधार पावसात तलाव पूर्ण रिकामा करू नये. जमिनीतले पाणी वाढलेले असते, रिकामे टाके खालून उचलले जाते आणि तडकते. जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या टाकीचेही तसेच आहे. वस्तीत कोणी नवीन घर बांधताना जमिनीखाली टाकी बसवली असेल तर ऐन पावसात ती कोरडी ठेवू नये. साफ करायचे काम मे महिन्यात उरकावे किंवा पावसाची उघडीप बघून करावे.

पाणी बिघडते कुठे

नगरपालिकेचे पाणी निघते तिथे शुद्ध असते. आपल्या हंड्यात येईपर्यंत त्याचे काय होते ते महत्त्वाचे. पाणी चोवीस तास येत नाही, त्यामुळे उरलेल्या वेळी पाइप रिकामा असतो. वस्तीत पाइप गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेले असतात. पावसात गटार तुंबले की पाइप पाण्यात बुडतो, आणि जिथे सांधा ढिला असेल, गंज असेल, तिथून घाण पाणी आत शिरते. नळ सुटल्यावर पहिली पाच मिनिटे जे पिवळट, वासाचे पाणी येते ते हेच.

यावर लोक उपाय करतात तो मोटर लावण्याचा. आम्हाला त्यामागची अडचण समजते. शेवटच्या घराला दाबच नसेल तर ती बाई काय करणार? पण सरळ पाइपला मोटर जोडली की ती पाण्याबरोबर गटारही ओढते. आपल्या घरी पाणी भरभर येते आणि सगळ्या गल्लीच्या नळात घाण शिरते. शिवाय ओल्या जमिनीवर उघड्या वायरची मोटर म्हणजे मृत्यूला आमंत्रण. पावसाळ्याचे चार महिने तरी गल्लीने मिळून ठरवून मोटरी बंद ठेवाव्यात आणि दाब कमी असल्याचा लेखी अर्ज नगरसेवकाकडे नव्हे, पाणी खात्याच्या कार्यालयात द्यावा, पोच घेऊन. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.

पहिले पाणी मोरी धुवायला, संडासाला वेगळ्या बादलीत घ्या. स्वच्छ पाणी येऊ लागल्यावरच पिण्याचा हंडा नळाखाली ठेवा. नळाला लावलेली रबरी नळी खाली गटाराच्या पाण्यात लोळू देऊ नका, ती वापरून झाली की खिळ्याला टांगा.

पिंपाबद्दलही एक गोष्ट तपासा. बाजारात मिळणारी जुनी निळी पिंपे बरीचशी रासायनिक कारखान्यांतून आलेली असतात. त्यात आधी काय होते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कितीही धुतले तरी औषधासारखा वास येत असेल, किंवा त्यावर कवटीचे, धोक्याचे चित्र असेल, तर ते पिंप पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी वापरू नका. क्लोरीनने जंतू मरतात, प्लास्टिकात मुरलेले रसायन जात नाही.

पिण्याचे पाणी वेगळे काढा

पूर्ण पिंपभर पाण्यात रोज औषध टाकणे खर्चाचेही आहे आणि गरजेचेही नाही. आंघोळीच्या, कपड्यांच्या पाण्याला ते लागत नाही. पाच-सहा माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि वरून कच्चे घालायच्या पाण्यासाठी वीस लिटर पुरते. तेवढे वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात काढा. तोटीचे भांडे असेल तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे घ्या आणि ते खिळ्याला टांगून ठेवा. पेला घेऊन हात बुडवला की सगळी मेहनत वाया जाते. लहान मुलाला आपण दहा वेळा सांगतो आणि घरातला मोठा माणूसच रात्री अंधारात तांब्या बुडवतो, हे आम्ही पुष्कळ घरी पाहिले आहे.

पाणी गढूळ असेल तर आधी सुती कापडाची चार पदरी घडी करून गाळा. तरी गढूळ राहिले तर तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवा, दोन-तीन तास स्थिर ठेवा आणि वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या. तुरटीने माती खाली बसते. जंतू मात्र त्याने पुरते मरत नाहीत, म्हणून पुढची पायरी चुकवू नका.

पुढची पायरी दोनपैकी एक. उकळणे किंवा क्लोरीन.

उकळणे सर्वांत खात्रीचे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले तरी पुरते, वीस मिनिटे गॅस जाळायची गरज नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून थंड करा. त्याची एक उणीव आहे. थंड झाल्यावर त्यात हात पडला तर पुन्हा जंतू वाढतात, कारण त्यांना रोखणारे पाण्यात काहीच शिल्लक नसते. सिलिंडरचा भाव बघता वीस लिटर रोज उकळा असे आम्ही म्हणणार नाही. पण घरात तान्हे बाळ, गरोदर बाई, आजारी किंवा म्हातारे माणूस असेल तर निदान त्यांच्यापुरते तरी उकळाच. गरोदर बाईचे विशेष सांगतो. दूषित पाण्याने होणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हिपॅटायटिस ई, इतरांना महिनाभरात सोडून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका त्यात दगावू शकतात. काविळीवर उतारा करणे, माळ घालणे, हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणे हे प्रकार आपल्याकडून सुटले आहेत असे आपण समजतो. तरी शेजारची कोणी घेऊन जाते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की थेट सरकारी रुग्णालय, त्याच दिवशी.

क्लोरीन स्वस्त आहे आणि त्याचा पहारा पाण्यात टिकतो. मेडिक्लोरसारखे द्रव औषध औषधाच्या दुकानात मिळते, बऱ्याच ठिकाणी आशाताई किंवा आरोग्य केंद्र मोफत देते. बाटलीवर जे प्रमाण लिहिले असेल तेवढेच थेंब टाका, कारण प्रत्येक औषधाची ताकद वेगळी असते. क्लोरीनच्या गोळ्यांचेही तसेच, एक गोळी किती लिटरची ते पाकिटावर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या आणि बाटलीवर खूण करून ठेवा. औषध टाकून ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास फार महत्त्वाचा. औषध टाकले आणि लगेच प्यायले तर न टाकल्यासारखेच.

ब्लिचिंग पावडर कशी वापरावी

गावाकडे आणि वस्तीतही टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर मिळते. ती घराघरांत ठेवण्यापेक्षा मंडळाने किंवा विहाराच्या समितीने एका जबाबदार माणसाकडे द्यावी आणि त्याने द्रावण करून वाटावे असे आमचे मत आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला रोज माणसे जमतात, पिण्याच्या पाण्याचे पिंप तिथेही असते, खीरदानाच्या दिवशी तर शंभर-दीडशे माणसे त्याच पाण्यावर असतात. सुरुवात तिथूनच करता येईल.

ताज्या, चांगल्या पावडरीत शंभरात सुमारे ३३ भाग कामाचे क्लोरीन असते. ३० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग १ लिटर पाणी पूर्ण करा. अर्धा तास ठेवा, चुना खाली बसेल. वरचे निवळ द्रावण गडद रंगाच्या बाटलीत भरा. चुन्याचा गाळ पिण्याच्या पाण्यात टाकू नका. हे द्रावण साधारण एक टक्क्याचे झाले. २० लिटर पाण्याला यातले ५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचा एक लहान चमचा, पुरते. २०० लिटरच्या पूर्ण पिंपाला ५० मिलिलिटर. द्रावण दोन-तीन दिवसांत संपवा आणि नवे करा, कारण त्याची ताकद उतरत जाते. ३० ग्रॅम रोज तोलत बसायला नको. एकदा काट्यावर तोलून एका रिकाम्या डबीवर रेघ मारून ठेवा, ती डबी पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नका.

पोत्यात उघडी पडलेली पावडर पावसाळी हवेत लवकर निकामी होते. रंग पांढरा राहतो, वासही थोडा येतो, पण दम राहत नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवली तरच टिकते. धातूचा डबा नको, तो गंजतो.

पाण्यात पुरेसे क्लोरीन आहे का हे कळण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक ओटी चाचणी करतो ती हीच. नळीत पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग तक्त्याशी ताडायचा. औषध टाकून अर्ध्या तासाने दर लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन दिसायला हवे, आणि आपण पेल्यात ओततो तेव्हा निदान ०.२ तरी. रंगच आला नाही तर औषध कमी पडले, पुन्हा अर्धे प्रमाण टाकून अर्धा तास थांबायचे. तपासलेले पाणी प्यायचे नाही, मोरीत ओतायचे. तलावावर काम करणाऱ्या मुलांकडे अशीच तपासणीची पेटी असते आणि रंग वाचायची सवय त्यांच्या डोळ्याला झालेली असते. वस्तीतल्या अशा एखाद्या मुलाने रविवारी सकाळी पाच-सहा घरांचे पाणी तपासून दिले तर ते मोठे काम होईल. मंडळाने त्यासाठी चाचणीची वेगळी पेटी घेऊन द्यावी.

तलावाचे औषध घरी आणू नका

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. तलावावर काम करणारी काही मुले तिथली उरलेली गोळी, पावडर घरी आणतात. "साहेबांच्या तलावात चालते तर आपल्या पिंपात का नाही" असा विचार असतो. हेतू चांगला असतो, पण ते करू नका. तलावात टीसीसीए नावाची मोठी गोळी किंवा दाणे वापरतात. त्यात क्लोरीन ९० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या ब्लिचिंगच्या जवळजवळ तिप्पट, आणि बरोबर आणखी एक रसायन असते जे उन्हात क्लोरीन टिकवण्यासाठी घातलेले असते. हे औषध पोहण्याच्या पाण्यासाठी बनवलेले आहे, पिण्याच्या नाही. टीसीएल आणि टीसीसीए ही नावे ऐकायला सारखी वाटतात, तिथेच घोटाळा होतो. पुडीत बांधून आणलेली, नाव नसलेली पांढरी पावडर कोणती ते घरातल्या बाईला कसे कळणार?

कामावर असतानाही चार गोष्टी जपा. क्लोरीनचे दोन वेगवेगळे प्रकार एकमेकांत मिसळू नका, आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. एका प्रकाराचा मग किंवा चमचा दुसऱ्यात घालू नका. पाण्यात औषध टाका, औषधावर पाणी ओतू नका. आणि क्लोरीनच्या जवळ ॲसिड नको. ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आले की विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत तो काही श्वासांत माणसाला आडवा करतो. हे फक्त पंपाच्या खोलीतच होते असे नाही. संडास-बाथरूम चकाचक करायचे म्हणून भगिनी आधी ब्लिचिंग टाकतात आणि वरून ॲसिड, तेव्हाही हेच होते. डोळे झोंबले, घसा आवळला, खोकला सुटला की सगळे तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. मालकीणबाई काही म्हणो. पंपाच्या खोलीत पाणी शिरले असेल तर मुख्य बटण बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आत पाय ठेवू नका, विजा चमकत असताना तलावाच्या पाण्यात हात घालू नका. हातमोजे, गमबूट, चष्मा मागणे हा उद्धटपणा नाही, ते देणे मालकाचे काम आहे.

घरी ब्लिचिंगचे द्रावण थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. मूल सरबत समजून तोंडाला लावते. चुकून प्यायलेच तर उलटी करवू नका, तोंड धुवा, घोटभर पाणी द्या आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

डासाला स्वच्छ पाणी आवडते

डेंग्यूचा डास गटारात वाढतो हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. त्याला लागते साठलेले, स्वच्छ, स्थिर पाणी. शहरात हिवताप पसरवणारा डासही अशाच टाक्यांत, विहिरींत वाढतो. म्हणून गटारावर धूर मारून गेलेल्या गाडीने आपल्या घरातला डेंग्यू जात नाही. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच वळवळत राहतात.

डेंग्यूची मादी पाण्यावर नव्हे, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. यावरून दोन कामे ठरतात. आठवड्यातून एक ठरलेला वार, आरोग्य खाते ज्याला कोरडा दिवस म्हणते तो, पिंप पूर्ण रिकामे करायचे. आणि नुसते रिकामे न करता आतून काथ्याने किंवा खरखरीत घासणीने घासायचे, विशेषतः वरचा पट्टा. पाणी ओतून पुन्हा भरले तर अंडी जागच्या जागी राहतात. पाण्याचा वार कोणता ते बघून आदल्या दिवशी घासा, म्हणजे पाणी फुकट जात नाही.

पिंपावर झाकण असले तरी कडेने फट राहते. जुन्या साडीचा किंवा धोतराचा तुकडा तोंडावर टाकून दोरीने आवळून बांधा. पावसापासून वाचण्यासाठी पत्र्यावर ताडपत्री टाकतो, ती उडू नये म्हणून वर टायर ठेवतो, त्या टायरात महिनाभर पाणी साठते. टायरला खालून दोन-चार भोके पाडा किंवा त्याऐवजी विटा ठेवा. ताडपत्रीचे खळगे ताणून घ्या. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, नारळाची करवंटी, बांधकामावरचे टाके, सगळे बघा. पिण्याचे नसलेले मोठे टाके असेल तर महापालिकेकडून गप्पी मासे मागून सोडा.

शेजारच्या सोसायटीत किंवा रखडलेल्या इमारतीत पोहण्याचा तलाव असेल आणि त्याचा पंप बंद पडला असेल, तर आठवडा-दोन आठवड्यांत तो डासांचा कारखाना होतो. वस्तीत ताप वाढला की आधी बोट आपल्याकडे दाखवले जाते, तेव्हा अशी जागा माहीत असेल तर फोटो काढून आरोग्य खात्याकडे लेखी द्या.

ताप आला तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या अंगदुखीच्या गोळ्या डेंग्यूचा संशय असताना घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणजे संपले असेही नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असतानाच पोट जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार गळून जाणे यांपैकी काही झाले तर रात्र असली तरी थांबू नका.

घरात पाणी शिरले तर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने माणसे गेली. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मुतातला हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतो. पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात सांगा, ते प्रतिबंधाची गोळी देतात. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वेगळे औषध असते, म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणे, डोळे लाल होणे दिसले तर डॉक्टरांना "मी पाण्यातून चाललो होतो" हे आपणहून सांगा.

ज्या पिंपात पुराचे पाणी शिरले त्यातले सगळे पाणी ओतून द्या, कितीही जीव तुटला तरी. पिंप साबणाने घासा. वर सांगितलेल्या एक टक्का द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग करून ते आतून सगळीकडे लावा, अर्धा तास ठेवा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळा. पुढच्या वर्षी पिंप विटांच्या ओट्यावर, निदान दोन फूट उंच ठेवता आले तर बघा.

जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनीचे पाकीट १ लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण ओता, अर्धे अर्धे करू नका. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बांगलादेशच्या लढ्यात १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी असेच साखर-मिठाचे पाणी पाजून हजारो माणसे वाचवली. बाळाला अंगावरचे दूध चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची असते, जुलाब थांबले तरी. ती आशाताईंकडे मिळते. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त आले किंवा पाजलेले पाणी टिकेना, तर वाटेत चमच्याने पाजत पाजत रुग्णालयात न्या.

वस्तीत एकाच आठवड्यात तीन-चार घरी जुलाब किंवा कावीळ दिसली की ते योगायोग समजू नका. घरांची नावे, तारखा आणि ती घरे कोणत्या नळावर पाणी भरतात ते एका वहीत लिहा. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि नळाच्या पाण्याचा नमुना तपासायला सांगा. फुटका पाइप बहुतेक वेळा त्या यादीवरूनच सापडतो.